शिळं पाणी

शनिवार, ९ ऑगस्ट २००३

मालनबाईंनी माझं पाणी मोरीत ओतलं! दोनदा डिस्टिल केलेलं, वाफेवर निर्जंतुक केलेलं, फक्त डीएनएच्या कामासाठी राखून ठेवलेलं. बाटलीवर ठळक लिहिलं होतं – हात लावू नये. बाईंना वाचता येत नाही असं नाही, सातवी शिकल्यात. पण बावीस वर्षं प्रयोगशाळेत परिचर म्हणून काढली की माणसाला प्रयोगशाळा आपल्या माहेरची वाटायला लागते.

शनिवार म्हणजे बाईंचा सोहळा. टेबलावरची पाण्याची एकूणएक बाटली रिकामी करायची, ब्रशने घासायची, ताजं भरायचं, आणि सगळ्या बाटल्या ऑटोक्लेव्हमध्ये – म्हणजे आमच्या त्या अवाढव्य कुकरमध्ये – वाफवून काढायच्या. कोणी सांगितलं? कोणीही नाही. मी जाब विचारला तर अगदी शांतपणे म्हणाल्या, “शिळं पानी देवाला चालत नाय म्याडम, तुमच्या मशीनला कसं चालंल?”

मुद्दाम लिहून ठेवते. कधी उदास वाटलं तर हसायला बरं. निर्जंतुक पाणी म्हणे शिळं होतं!

सोमवार, ११ ऑगस्ट

नवं पाणी तयार केलं. बाटली लोखंडी कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली पर्समध्ये. यापुढे माझ्या पाण्याला माझ्याशिवाय कोणाचाही हात लागणार नाही.

मंगळवार, १९ ऑगस्ट

सिंहस्थाची गर्दी. रिक्षा मिळेना, इंदिरानगरहून निम्मं अंतर चालत आले. सगळं शहर नदीत बुडी मारायला निघालंय आणि विभागप्रमुख गांगुर्डे सर त्यांच्यात आघाडीवर. सूक्ष्मजीवशास्त्राचे प्रमुख! त्या पाण्यात काय काय पोहतंय हे वर्गात फळ्यावर काढून दाखवतात आणि संध्याकाळी तेच तीर्थ म्हणून घरी नेतात.

मी काम केलं. काम तसं साधं आहे. पेठच्या डोंगरातल्या सहा शेतांतून नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, मुळांजवळची माती आणली आहे. जंतू बशीत वाढवत बसायचं नाही, निम्मेअधिक वाढतच नाहीत. थेट मातीतून डीएनए काढायचा. सगळ्या जंतूंमध्ये असणारा एक ठरावीक जनुक पीसीआर यंत्रात लाखो पटींनी वाढवायचा. मग तो जेलच्या वडीत घालून वीज सोडायची. जनुक वाढला असेल तर अतिनील दिव्याखाली नारिंगी पट्टी चमकते.

आज सहाही नळ्या कोऱ्या. सातवी नळी नुसत्या पाण्याची, माती न घातलेली. तीही कोरी, आणि ती कोरीच हवी. म्हणजे पाणी स्वच्छ, माझा हात स्वच्छ. दोष मातीचा. डीएनए कोऱ्या चहासारखा तपकिरी निघालाय, त्या रंगाने यंत्रातली प्रक्रिया अडते.

शेजारच्या टेबलावर मोहिनी देवरे. माझी सहकारी, सटाण्याची. दहा वर्षं त्याच वहीतून नोट्स सांगते, मुलंही तेच लिहितात. ती म्हणाली, ही रिकामी नळी, नुसत्या पाण्याची, दर वेळेला लावत जा. तिच्या प्रॅक्टिकलला ती लावते म्हणे, न चुकता. लावत असेल. ज्यांना आपल्या हाताचा भरवसा नाही त्यांनी लावावी! मी एकदा लावली, खात्री झाली, संपलं.

शनिवार, २३ ऑगस्ट

मालनबाई किल्ली मागायला आल्या. “शनिवारे म्याडम.” नुसत्या उभ्या राहिल्या, हात पुढे करून.

गांगुर्डे सरांकडे लेखी तक्रार दिली. सर सही करताना वाचत नाहीत, हा त्यांचा एकमेव गुण.

सोमवार, १ सप्टेंबर

बाईंची बदली ग्रंथालयात.  जाताना ब्रश तेवढे धुऊन उन्हात लावून गेल्या.

शनिवार, ६ सप्टेंबर

आता मोहिनी बाटल्या घासते! एम.एस्सी. झालेली बाई, पदर खोचून, कुकरची शिट्टी होण्याची वाट बघत बसलेली. म्हणाली, “बाईंची सवय चांगली होती.” मी माझ्या कपाटाला टेकून उभी होते. म्हटलं, चालू द्या.

शनिवार, ११ ऑक्टोबर

पट्टी आली!!

इतके दिवस डीएनए तसाच घालत होते. आज सुचलं – पातळ करून बघू. माझ्या पाण्याने दहा पट पातळ केला तर पुसट पट्टी. शंभर पट केला तर लखलखीत! सहाही शेतांची. रंग पातळ झाला, अडथळा गेला. इतकं सोपं होतं.

मोहिनीने बघितलं. वाकून, चष्मा वर करून. मग तिचा तो नेहमीचा भाबडा सूर – “पण पातळ केल्यावर पट्टी कमी व्हायला हवी ना? शंभर पटीला वाढली कशी?” तिला अडथळा म्हणजे काय ते समजावून सांगितलं, पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगतात तसं. तिने मान हलवली. रिकामी नळी कुठाय, असंही विचारलं.  काही माणसांना मेजवानीत मिठाची बरणी कुठाय तेवढंच दिसतं.

सोमवार, २४ नोव्हेंबर

हैदराबादच्या प्रयोगशाळेला पट्टीतला जनुक वाचायला पाठवला होता, त्याचा सगळा क्रम आला. कॉलेजचं इंटरनेट बंद म्हणून इंदिरानगरच्या सायबर कॅफेत गेले. एका बाजूला चॅटिंग करणारं पोरगं, दुसऱ्या बाजूला परदेशातल्या जावयाला पत्र लिहिणारे आजोबा, दोघेही एका बोटाने टायपिंग करत. मधे मी. जगभरच्या जंतूंशी माझा क्रम जुळवून बघितला.

जवळात जवळचा नातेवाईक त्र्याण्णव टक्केच जुळतो. म्हणजे नवा! जगात कोणाकडे नाही. आणि सहाही शेतांत तोच. पेठच्या नागलीच्या मुळाशी एक जंतू राहतोय, आणि तो फक्त मला माहीत आहे.

पोरगं म्हणालं, “मॅडम, रडताय का?” त्याला म्हटलं, तुझा तू स्क्रीन बघ.

शुक्रवार, १२ डिसेंबर

पीएच.डी.च्या नोंदणीला सात वर्षं झाली. वाढवून घेतलेली मुदतही ३१ जानेवारीला संपते. त्यानंतर विद्यापीठ दारात उभं करणार नाही. पहिली चार प्रकरणं म्हणजे नुसती पूर्वपीठिका, सगळा डोलारा पाचव्यावर. आता ते मिळालं. पुण्याच्या सहस्रबुद्धे सरांना, माझ्या मार्गदर्शकांना, मजकूर पाठवला. सरांनी फोनवर ‘उत्तम’ म्हटलं. सात वर्षांत पहिल्यांदा.

गांगुर्डे सरांनी पेढे वाटले, स्टाफरूममध्ये भाषण केलं. जंतूला ‘विषाणू’ म्हणाले. दोनदा. मी दुरुस्त केलं नाही. कोणाकोणाला दुरुस्त करायचं!

सोमवार, १९ जानेवारी २००४

सहस्रबुद्धे सरांचं पत्र. प्रबंध चांगला आहे, फक्त जेलच्या फोटोत रिकामी नळी दिसत नाही. परीक्षक विचारतील. एक फोटो तिच्यासह काढून जोडावा.

ठीक आहे. औपचारिकता. पुण्याच्या लोकांना शिक्का लागतोच.

गुरुवार, २२ जानेवारी

सहा नळ्या मातीच्या, सातवी नुसत्या पाण्याची.

सातवी सगळ्यांत ठळक.

शुक्रवार, २३ जानेवारी

पुन्हा केलं. पिपेटची नवी टोकं, नवे हातमोजे, नवी रसायनं. पाणी माझंच, तेवढी एकच गोष्ट खात्रीची. तरी सातवी सगळ्यांत ठळक.

मोहिनीला गाठलं. स्पष्ट विचारलं – माझ्या वस्तूंना हात कोणी लावला? माझ्याविरुद्ध कोण काय करतंय? मुलं प्रॅक्टिकलला बसलेली, सगळ्यांनी माना वर केल्या. मोहिनी नळ्यांवर नंबर घालत होती. नंबर पुरे केले, मग म्हणाली, “किल्ली तुमच्याच पर्समध्ये असते ना, मॅडम?”

उद्धट.

मंगळवार, २७ जानेवारी

तीन दिवस स्वतःशी भांडून आज सगळ्यांच्या वापरातलं पाणी घेतलं. मोहिनीने शनिवारी उकळलेलं. मातीचा तोच डीएनए त्या पाण्याने शंभर पट पातळ केला. सातवी नळीही त्याच पाण्याची.

सातवी कोरी. आणि सहाही कोऱ्या.

म्हणजे मातीतून डीएनए कधी निघालाच नव्हता. तपकिरी पाणी तेवढं होतं. ऑगस्टमध्ये तपासलं तेव्हा माझी बाटली खरंच स्वच्छ होती. त्यानंतर पाच महिने मी ती रोज उघडत होते, पाणी घेत होते, पुन्हा कुलूप लावत होते. आत एक जंतू पडला आणि आरामात वाढला. जेवढं पाणी जास्त घातलं तेवढी पट्टी ठळक. मोहिनीने विचारलं होतं! आणि मी तिला अडथळा समजावून सांगत होते.

जंतू नवा असेलही. पण नागलीचा नाही. बाटलीचा आहे.

बुधवार, २८ जानेवारी

रजा टाकली. दिवसभर पडून. जुलैमध्ये पेठला एका शेताची मालकीण, भागीबाई, मला मुळं उकरून देत होती. मातीत काय निघालं ते येऊन सांगाल का, असं विचारलं होतं तिने. सांगेन म्हटलं – म्हणायला काय जातं! हिला काय कळणार, असं बसमध्ये बसताना मनात आलं होतं, तेही आठवतंय.

गुरुवार, २९ जानेवारी

लिहितेच. दुसरं कोण वाचणार आहे.

मोहिनी वर्गावर गेली तेव्हा तिच्या बाटलीतलं थोडं पाणी घेतलं. सातवी नळी तिच्या पाण्याची केली. बाकीच्या सहा माझ्या पाण्याने. फोटो काढला. सहा लखलखीत पट्ट्या, सातवी काळीभोर. सात वर्षांत इतका देखणा फोटो मी काढला नव्हता.

पाकीट तयार आहे. उद्या स्पीड पोस्टने टाकलं तर शनिवारी पोचेल. परीक्षक बघतील आणि मान हलवतील. मोहिनीने बघितलं तरी तिच्या शब्दाला कोण विचारतं. आणि सगळेच करतात! गांगुर्डे सरांच्या प्रबंधातले आलेख तर हाताने काढलेले आहेत, मी स्वतः बघितलेत. त्यांना आयुष्यभर हसले मी त्यावरून.

शुक्रवार, ३० जानेवारी

पाकीट पर्समध्ये घेऊन पोस्टापर्यंत गेले. हुतात्मा दिनाचं मौन म्हणून अकरा वाजता सगळे होते तिथे थांबले. मीही. रांगेत, पाकीट हातात. दोन मिनिटं. मग माझा नंबर यायच्या आत परत आले. का, ते मला नीट सांगता येणार नाही. उद्या पहाटे स्वतः पुण्याला नेऊन देईन, पाचची एसटी आहे, असं ठरवलं.

घरी येऊन ही वही मागे चाळली. फक्त तारखा जुळवायला. नऊ ऑगस्टला मालनबाई मला एका वाक्यात सगळं सांगून गेल्या होत्या, आणि मी ते माझ्या अक्षरात लिहून ठेवलंय. हसायला. पुढे सगळं पान त्यांच्यावर. पुढची पानं मोहिनीवर, सरांवर, कॅफेतल्या पोरावर. सहा महिन्यांच्या वहीत मी एकदाही कोणाचं बरोबर असेल असं लिहिलेलं नाही. वाचताना स्वतःची किळस आली.

शनिवार, ३१ जानेवारी

पाचची एसटी गेली. दहा वाजता सहस्रबुद्धे सरांना फोन केला – पाचवं प्रकरण खोटं आहे, प्रबंध येणार नाही.  सर म्हणाले, बरं.

ग्रंथालयातून मालनबाईंना बोलावून आणलं आणि कपाटाची किल्ली त्यांच्या हातात दिली. त्यांनी बाटली उजेडाला धरली, हुंगली, माझ्याकडे न बघता मोरीत ओतली. नळ मी सोडला.