भरसभेनंतरचं जेवण

आदरणीय कोजोदादा,

तुम्ही परराष्ट्रमंत्री होता आणि मी तुमच्या राजधानीत घानाची राजदूत. चुकून सागरी सीमा ओलांडलेले आमचे कोळी तुमच्या तुरुंगात होते. भरसभेत तुम्ही फ्रेंचमध्ये माझ्यावर कडाडलात, “देश सोडा!” बाहेर येताच, सीमेच्या दोन्ही बाजूंना बोलतात त्या आपल्या एवे भाषेत म्हणालात, “बहिणी, ओरडावंच लागलं गं. जेवलीस का? चल, तुझ्या वहिनीने मासळी रांधलीय.” त्या ताटावरच तोडगा निघाला. कोळी सुटले, मीही राहिले.

हे पत्र धाडलं तर तुमचेच लोक तुम्हाला फितूर ठरवतील, म्हणून जवळच ठेवतेय. सुटलेल्या कोळ्यांना मी फक्त तुमचं नाव सांगितलं होतं. त्यांतल्या एकाला नुकताच मुलगा झाला. जन्म शुक्रवारचा, तरी जन्मवारावरून नाव ठेवायची आपली रीत मोडून त्याने नाव ठेवलंय सोमवारी जन्मलेल्या पोराला देतात ते. कोजो.

तुमच्या अन्नाला जागणारी,
धाकटी बहीण एसिनाम