दातांची बाटली

बुधवार, ७ ऑगस्ट १९९६, सुरत

खोटं बोलले. मुंबईत परवडेल अशी एकच खोली मिळाली, दादरच्या काकूंची. आज फोनवर त्या म्हणाल्या, "घरात देवघर आहे. डॉक्टरकीची हाडंबिडं आणलीस तर उंबरा चढू नकोस."

"नाही हो काकू, डेंटलला प्लास्टरचे दात असतात."

आणि समोर टेबलावर बाटली! माणसांचे उपटलेले दात. पहिल्या वर्षाला लागतात म्हणून इथल्या उधना भागातल्या दातांच्या दवाखान्यातून गोळा केलेत. कंपाउंडर हसत होता, "लई जा, बेन!" घेऊन जा म्हणे, ताई. बाटली नेली नाही तर प्रॅक्टिकलला काय करू? का बोलले मी असं? हॉस्टेलही भरलंय.

काकू मात्र खूश. "ये मग सोमवारी. खोली रोज मीच आवरते हो, कपाटासकट."

मी म्हणाले, "बरं, काकू."