दुमडलेली कड

सेलू, जि. वर्धा
१४ नोव्हेंबर २००१

चि. जया हिस आईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही बरे आहोत. कापूस घरात आला, त्यामुळे आपल्या कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक आहे. तू कापडावर काढलेलं चित्र पोचलं. सोबत चिठ्ठी नव्हती. दोन वर्षांपूर्वी घरी न सांगता लग्न करून गेलीस तेव्हाही नव्हती, सवयच तुझी.

अर्थ लावता लावता आमच्या नाकी नऊ आले. ना कोणाला नाक, ना डोळे. शेजारच्या भागीरथाबाई म्हणाल्या, कापसाची गाठोडी रचली आहेत. मी मात्र माझा पदर ओळखला. मला टेकून दादा, त्याला टेकून तुझे बाबा. कोणाचा रंग कुठे संपतो ते कळत नाही. आपण असे कधी बसलो होतो गं? आठवेना, म्हणून रडू आलं.

बाबांनी ते फ्रेम करून आणलं. आजोबांच्या फोटोची जुनी चौकट होती, तीच वापरली. तुझं नाव घरात घ्यायचं नाही, पण चित्र बैठकीत चालतं. मी म्हटलं, तेवढं तर तेवढं.

परवा दादाची आचल खुर्चीवर चढून बघत होती. तिनं बाबांना विचारलं, "आबाजी, आजीच्या खांद्यावर हा हात कोनाचा हाय? मानूस तं दिसत नाई."

बाबा उठून दुकानात गेले. मी चित्र उतरवून मागचे खिळे काढले. चौकटीत मावत नव्हतं म्हणून कडेचं कापड मागे दुमडलं होतं, आणि त्यात तू होतीस. हिरव्या रंगातली, माझ्याकडे झुकलेली.

फार संताप आला मला. ते जेवायला आले तेव्हा ताटाच्या जागी चित्रच ठेवलं.

"पोरगी कडेले होती. तुमाले दिसली नाई?"

ते म्हणाले, "दिसली. म्हनून तं कापू नाई देल्ली. फ्रेमवाला कैची घेऊनच बसला होता."

जन्मभर कापड कापून विकलेला माणूस. राग अजून उतरला नाही. चित्र आता चौकटीशिवाय लावलंय. घडीची रेघ तुझ्या अंगावरून गेली आहे, हातानं दाबली तरी जात नाही.

तू ये. जावईबापूंना घेऊन ये. तुझी ओटी भरायची राहिली आहे. हे मी सांगते आहे, बाबा नाहीत. त्यांना विचारलं तर हो म्हणाले नाहीत. फक्त माझ्या हातून पाकीट घेतलं आणि पत्ता लिहिला. अक्षर तू ओळखलंच असशील. तुझं सासरचं आडनाव त्यांनी कोणाला न विचारता लिहिलं.

चित्रात तुझ्या हाताखाली बसलेली,
आई