उघड्या बोटांचं वजन

ता. ४ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, म्हणून हे पत्र. इकडे मी ठीक आहे. इकडे म्हणजे कुठे ते विचारू नका. या महिनाभरातलं हे पाचवं शहर. सगळ्या हॉटेलांतल्या खोल्या सारख्याच. काल सकाळी दार समजून कपाट उघडलं आणि क्षणभर हँगरांकडे बघत उभी राहिले. विमानात मला हटकून मधली जागा मिळते. परवा शेजारचे गृहस्थ माझ्या खांद्यावर डोकं टेकून घोरत होते. उठवायचा धीर झाला नाही. खरं सांगायचं तर उठवावंसं वाटलंही नाही.

वजनांची पेटी मी मांडीवरच ठेवते. इस्पितळांत औषधं मोजायचे काटे याच वजनांवर तपासायचे, तेव्हा ती सामानात आदळून कसं चालेल? पण विमानतळावरच्या यंत्रात ती काळीकुट्ट दिसतात आणि दर वेळी पेटी उघडावी लागते. मी आधीच हातमोजे पुढे करते, विनवण्या करते. मागच्या महिन्यात मात्र एका शिपायाने वीस ग्रॅमचं वजन उघड्या बोटांनी उचललं, उजेडात फिरवलं आणि सोन्याचं आहे का म्हणून हसला. विमानाची शेवटची हाक झाली होती. मी ते फडक्याने पुसलं, पेटी मिटली आणि पळाले.

बोटाच्या घामानेही वजन बदलू शकतं, म्हणून हात लागलेलं वजन तपासून येईपर्यंत बाजूला ठेवायचं, हा नियम. मी त्याच वजनावर तीन शहरांतल्या तीन इस्पितळांचे काटे तपासले आणि ते बरोबर असल्याचे दाखले सही करून दिले. कोणाला काही बोलले नाही. तेव्हापासून घास उतरत नाही. सांगितलं तर नोकरीवर गदा येईल का? काय करू?

वीस एप्रिलला सहा दिवसांची रजा घेऊन येते आहे. तिकीट काढलं. दोन वर्षांनी!

माया आहेच, ती तशीच असू द्या.
तुमची,
रत्ती

ता. १५ मार्च

चि. रत्ती हिस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. समोरचा शिंपी विचारत होता, पोरगी सदा विमानात असते तर घरावरून जाताना हात का करत नाही. मी म्हटलं, करत असेल, तुलाच चष्मा लागलाय.

काटेदुरुस्तीचं दुकान मी आता दुपारपुरतंच उघडतो. शाळेत जायच्या आधी तू इथल्याच टेबलाशी बेरीज शिकलीस, वजनं चिमट्याने उचलून. एकदा बोट लावलंस म्हणून मी हातावर चापट मारली होती. रडली नाहीस, दिवसभर हात पाठीमागे धरून बसलीस.

काय करू म्हणून विचारतेस. तुला ठाऊक आहे, म्हणूनच घास अडकतो आहे. एवढंच लिहितो.

तुझी गादी उन्हात घातली, खाटेचा करकरणारा पाय ठोकून घेतला. शिंपी म्हणतो, मंत्री येणार की काय!

जेवत जा. वाट बघतोय.
बाबा

ता. ५ एप्रिल

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

साहेबांना सांगितलं. ते आधी हसले, एवढ्याने आभाळ कोसळत नाही म्हणाले. मी तिन्ही दाखल्यांच्या प्रती पुढे ठेवल्या तेव्हा त्यांचं हसू मावळलं. वजन तपासायला धाडलं, इस्पितळांना कळवलं. नोकरी राहिली. पण दाखले रद्द झाले; वजनाचा निकाल काहीही आला तरी तिन्ही ठिकाणी जाऊन काटे पुन्हा तपासायचे आहेत, आणि माझे बाकीचे दिवस आधीच वाटले गेलेत. उरली होती ती रजाच. वीसचं तिकीट रद्द केलं, बाबा. पुढची रजा वर्ष उलटल्यावर.

आज वजनाचा निकाल आला. बरोबर होतं, चालू नये इतका फरक नव्हताच. म्हणजे गप्प बसले असते तरी कोणाचं काही बिघडलं नसतं आणि मी वीसला घरी असते. हे वाक्य खोडलं होतं, पुन्हा लिहिलं.

विमानतळावर तपासणी करणारी बाई दोन्ही खांद्यांवरून हात फिरवते आणि जा म्हणते. आठवडाभरात मला माणसाचा हात लागतो तो तेवढाच. आज मी उगाच थोडी जास्त उभी राहिले.

रागावू नका. रागावलात तरी पत्र लिहा.
तुमची,
रत्ती

ता. २० एप्रिल

चि. रत्ती हिस,
अ. उ. आ.

रागावलो नाही. पण खोटं कशाला बोलू, पत्र आलं त्या दिवशी दुकान उघडलं नाही.

तुझ्या पहिल्या पत्राला मी आधी वेगळंच उत्तर लिहिलं होतं. पुसलंस ना, मग झालं, कोण बघतंय, वीसला ये. पाकीट चिकटवलं, टपालपेटीपर्यंत गेलो आणि परत आलो. ते अजून खणात आहे. चाळीस वर्षं लोकांचे काटे सरळ केले. माझा स्वतःचा त्या दिवशी कुठे झुकला होता, ते तुला ठाऊक असावं.

सकाळी शिंप्याला सांगितलं, पोरगी येत नाही. का येत नाही तेही सांगितलं, छाती काढून. तो शाब्बास म्हणाला आणि शिवायला लागला. मग सांगण्यासारखं काही उरलं नाही. दुपारी वरून विमान गेलं. मला ऐकू कुठलं येतंय, पांढरी रेघ दिसली. तू त्यात नाहीस हे माहीत होतं, तरी हात केला.

खाट हलवलेली नाही. वर्ष तर वर्ष. वजनाला उघडं बोट लावायचं नाही हे मीच शिकवलं, बहुतेक जरा जास्तच शिकवलं. माणसांना तो नियम नाही, हे सांगायचं राहून गेलं. आलीस की नमस्कार नंतर कर. आधी हात दे.

तुझा,
बाबा