गच्चीवरच्या टाकीचं घनफळ

मंगळवार, ३० एप्रिल १९९६. कोपरखैरणे

शाळेत गणिताच्या बाई म्हणाल्या होत्या, "सूत्र पाठ झालं की मुलींना भांड्यात काय आहे ते दिसत नाही." आज आठवलं. गच्चीवरच्या गोल टाकीत कबुतर सापडलं. फुगलेलं, कातडी सुटलेली. वॉचमनने बादलीने काढलं. पिसं तळाशी तशीच. आणि आपण ह्याच पाण्याने दात घासले. लेकीला, मिनूला, सरबत करून दिलं...

सोसायटीचे सेक्रेटरी सामंत टाकी रिकामी करायला तयार नाहीत. रविवारी त्यांच्या मुलीचा, वीणाचा साखरपुडा, जेवणं गच्चीवर. "टेन्शन घेऊ नका वहिनी. एकदा सोडलं की ह्या पाणीटंचाईत परत कधी चढेल? ब्लीचिंग पावडर टाकतो. मापून!"

बुधवार, १ मे

नळ सोडला की नाक जळतं. मिनूचे डोळे लाल. सामंतांनी जिन्यात पावडरीचा हिशोब दाखवला. टाकी दोन मीटर रुंद, पाणी दीड मीटर. ३.१४ गुणिले दोनाचा वर्ग गुणिले दीड. अख्खा व्यासच त्रिज्या म्हणून धरलाय!

म्हटलं, "भाऊ, निम्मं घ्यायचं. एकाचा वर्ग. चौपट पावडर ओतलीत तुम्ही."

"मग जंतू पण चौपट मरतील!"

तरी तिथेच उभ्या उभ्या आकडा काढून दिला. चार हजार सातशे लिटर, थोडं वरच. बरोबर आल्याचा आनंदही झाला मला. शी.

गुरुवार, २ मे

खाली फळ्यावर: 'टाकीचे पाणी जोशी वहिनींनी काढून दिलेल्या मापाने शुद्ध केले आहे. निर्धास्त वापरावे.' माझं नाव पदराने पुसलं. दुपारी परत लिहिलेलं.

तळमजल्याच्या आजी पेला घेऊन दारात. "तू बघितलंस ना, मग आम्ही पितो हो."

पेला काढून घेतला. "आजी, मी टाकी मोजली. पाणी नाही बघितलं." त्यांना कळेना, मी चिडले कुणावर.

हे म्हणाले, "शुभकार्य आहे त्यांचं. उकळून पी ना तू."

उकळलं. घशाखाली उतरलं नाही. पिसांसकट उकळल्यासारखं वाटत राहिलं.

शुक्रवार, ३ मे

वीणा सकाळी साडी दाखवायला आली. मोरपंखी. गोड दिसते पोर. तिला नाही सांगवलं. रविवारी तिच्या सासरची माणसं हेच पाणी पिणार.

संध्याकाळी सामंतांकडे जाते. नाहीच म्हणतील, माहीत आहे. तरी म्हणणार: भाऊ, खालच्या जमिनीतल्या टाकीतलं चांगलं पाणी आम्ही बायका कळशीने चढवतो, चारही मजले, पाहुण्यांना पुरेल एवढं. वरची टाकी तेवढी आज रिकामी करा.