पॅडचा सुटलेला कोपरा

२ डिसेंबर, मंगळवार

पडले. पाण्यात, पाठीवर. या वेळी चूक कानाची नव्हती, फळीची होती. पाण्यावर उभं राहून वल्हवायच्या या फळीवर पाय घसरू नये म्हणून फोमचं पॅड चिकटवलेलं असतं. त्याचा मागचा डावा कोपरा सुटलाय. अंगठा त्याखाली अडकला आणि संपलं.

लाइफ जॅकेट होतं. ठमी होती. ती रोज असते — ट्रकची ट्यूब फुगवून त्यावर बसलेली, हातात वल्ह्यासारखी दोन फळकुटं, मांडीवर मासळीची टोपली. वल्हवत आली.

"धरा, बाई. चष्मा हाय का गेला?"

होता.

"मग बरं. नायतर मासं वाचाया लागलं असतं!"

तोंडात पाणी असताना हसले. ठसका लागला.

३ डिसेंबर

श्रियाचा फोन. भाची आहे, पण फोनवर माझी आई होते. "मावशी, फेब्रुवारीत तू न्हाणीघरात दोन तास पडून होतीस. एकटी. मी विसरलेली नाही."

मीही नाही. डाव्या कानानं तोल घालवला तो पुरता परत आला नाही. कर्जतचे डॉक्टर म्हणाले, शरीराला तोल पुन्हा शिकवावा लागेल. फरशीवर पडण्यापेक्षा पाण्यात पडलेलं बरं, असा मी हिशोब केला. श्रियानंच हौसेनं आणलेली ही फुगवायची फळी दोन वर्षं माळ्यावर होती. दिवाळीआधी काढली. तेव्हापासून रोज सकाळी धरणावर.

ठरलं ते असं: २१ तारखेला ती येईल. तिच्यासमोर उभ्यानं पलीकडच्या काठापर्यंत जायचं आणि परत यायचं. जमलं तर इथे, कशेळ्यातच राहीन. नाही तर तिच्याकडे पुणे. आठवा मजला, वाद नाही.

अठरा दिवस. आणि कोपरा सुटलाय.

४ डिसेंबर

फळीतली हवा काढून ती व्हरांड्यात पसरली. घरातला झटपट गोंद कोपऱ्याखाली ओतला. वर शब्दकोशाचे दोन खंड ठेवले. एकतीस वर्षं मराठी शिकवलेल्या बाईच्या घरात दुसरं जड काय असणार?

५ डिसेंबर

हवा भरली. फळीचं पोट वर आलं, गोंद काचेसारखा तडकला. आधी कोपरा सुटला होता, आता अर्धं पॅड!

६ डिसेंबर, शनिवार

ठमीला सांगितलं. ट्यूब हलेपर्यंत हसली.

"हवा काढून चिकटवलं? पोट सपाट असताना चोळी शिवली, बाई, अन् मग सातवा म्हयना लागला!"

दुपारी ती मला कशेळ्याच्या बाजारात जगदीशकडे घेऊन गेली. तो चपला आणि बॅगा दुरुस्त करतो. मी फोटो दाखवला. तो म्हणाला, फोटोला काय चिकटवू? मग पॅडचा फाटका तुकडा पर्समधून काढून दिला. त्यानं तो नखानं दाबला.

"हे स्लीपरच्या तळव्याचं फोम हाय. चपलेचंच सोल्यूशन लागंल. दोन्ही अंगांना लावा, पातळ. मग थांबा. बोटाला चिकटायचं बंद झालं की मग दाबा."

"बोटाला चिकटत नसेल तर चिकटणार कसं?"

"कॉलेजात तुमी सांगायचा, पोरं ऐकायची. आता तुमी ऐका की!"

ठमीनं तोंडाला पदर लावला. मी ऐकलं.

७ डिसेंबर, रविवार

सकाळी दव फार होतं. ठमी म्हणाली, ऊन चढू द्या. दहाला आली, नवरा जैतू बरोबर. त्याच्या खांद्यावर नव्या तांदळाची गोणी.

आधी फळी टणक फुगवली. मग जुना गोंद नखांनी खरवडला, दोघींनी. औषधाच्या डब्यातल्या स्पिरिटनं पुसलं. पॉलिश पेपर घासला. सोल्यूशन — एक हात, वाळल्यावर दुसरा. आणि थांबलो.

ते थांबणं! मला दर मिनिटाला बोट लावायचं होतं. ठमीनं माझा हात धरून मांडीवर ठेवला, आणि तिथेच राहू दिला. तिचा तळवा खरखरीत, उबदार. कोणी माझा हात असा धरून ठेवला त्याला किती वर्षं झाली, आठवेना.

मग तिनं बोटाचं पेर टेकवून पाहिलं. "आता."

पॅड मधून कडेकडे दाबत नेलं. वर माझं पोळीचं लाटणं फिरवलं. मी शब्दकोश घेऊन आले तर जैतू म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, हलकी हायत." गोणी ठेवली. चहा झाला. पैशांचा विषय काढला तर ठमी सरळ उठून चालायला लागली.

८ डिसेंबर

हात लावला नाही.

९ डिसेंबर

धरलं! कोपरा खेचून पाहिला, नखही जात नाही. वीस मिनिटं उभी राहिले. दोन्ही तळवे सपाट. डोंगर जागच्या जागी.

ठमीची टोपली आजही रिकामी. मला वाईट वाटलं. म्हटलं, "पलीकडे जा गं. माझ्या फळीनं मासे पळतात."

"पळू द्या. येतील."

१३ डिसेंबर

अर्ध्यापर्यंत. वारा होता. गुडघ्यावर बसले, पुन्हा उठले. पडले नाही.

१७ डिसेंबर

पलीकडचा काठ. हातानं दगडाला शिवले. परत बसून आले. टोपली रिकामी.

२१ डिसेंबर, रविवार

श्रिया काठावर, बूट हातात घेऊन उभी. मी निघाले. मधे एकदा डावीकडे झोक गेला — गुडघे सैल सोडले, पाय पॅडवरून हलले नाहीत. पलीकडे पोचले. वळले. उभ्यानंच परत आले.

तिचे डोळे भरलेले. "पुणे रद्द," म्हणाली. मग पाण्याकडे बघून, "ट्यूबवरची ती कोण?"

"ठमी. मासे पकडते."

घर राहिलं. सकाळ राहिली. जगदीशकडून आणलेल्या बाटलीत अजून थोडं सोल्यूशन आहे, तेही असू दे. पूर्ण धरण, उभ्यानं, जाऊन-येऊन. एकटीनं.

२३ डिसेंबर

जैतू गोणी न्यायला आला. मी विचारलं, ठमीला या बाजूला कधी काही मिळतं का? टोपली रोज रिकामी दिसते.

"इकडं मासा नाय, बाई. कधीच नव्हता. तिची जाळी धरणाच्या भिंतीकडं, ती पहाटंच टाकून येते." गोणी खांद्यावर घेतली. "दिवाळीआधी तुमी पयल्यांदा पडलात ना, तवापास्नं ती इकडं बसते."

२१ तारखेचं पान काढलं. शेवटचा शब्द खोडला.