एक, दोन, तीन अशा ओळी

परभणी, १२ जानेवारी १९९०, शुक्रवार

आज ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर माझा आठवड्याचा एक तास होता. चपला बाहेर काढून आत गेले आणि वहीत लिहून ठेवलेला रजांच्या हिशेबाचा प्रोग्राम टाइप केला. मधली एक ओळ राहिली होती, पण ती घालायला जागाच नाही. पुस्तकात ओळींना दहा, वीस, तीस असे आकडे असतात, म्हणजे राहिलेली ओळ पंधरा म्हणून मध्ये घालता येते. मी एक, दोन, तीन दिले. मधले आकडे कशाला वाया घालवायचे? तो काटकसरीपणा नडला. सगळं पुन्हा टाइप करेपर्यंत तास संपला.

शेजारच्या टेबलावरच्या सुमनबाई हसल्या. “वहिनी, या वयात कशाला डोकं शिणवायलात? पोथी वाचा की.”

“वाचून झाली,” म्हटलं.

बोलले खरी, पण घरी येताना वाटलं, सोडून द्यावं. हे असते तर यांना सगळं सांगितलं असतं. काही न कळता ‘बरं’ म्हणाले असते, आणि तेवढ्यावर माझा आठवडा निघाला असता. हे जाऊन चार वर्षं झाली. आता शिकायचं तर त्या ‘बरं’शिवायच.

चहा न ठेवताच वही काढली. दहा, वीस, तीस... बावीस ओळी झाल्या. एक कळत नाहीये. ती उद्या.